लढून आलेल्या माणसाला झोपेतून कसं उठवायचं

हात लावायचा नाही. खांद्याला नाही, पायाला नाही, पांघरूणसुद्धा ओढायचं नाही. दारात उभं राहायचं. लाइट लावायचा तर पॅसेजमधला, तोंडावरचा नाही. आणि रोजच्या आवाजात हाक मारायची. मी म्हणते, "अहो, सहा वाजले. नाशिकरोडला आहात, घरी आहात." वार सांगते. नळाला पाणी आलं असेल तर तेही सांगते. उत्तर नाही आलं तर पुन्हा पहिल्यापासून. डोळे उघडून माझ्याकडे बघेपर्यंत मी उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. २००७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमाराला हे झोपेत मोठमोठ्याने आकडे म्हणत होते. मी खांदा हलवला. डोळ्याचं पातं लवायच्या आत माझं मनगट यांच्या मुठीत होतं आणि मी भिंतीला. दोन बांगड्या फुटल्या, एक काच रुतली. जाग आल्यावर माझ्यापेक्षा हेच जास्त घाबरले. उजाडेपर्यंत ओट्यापाशी स्टुलावर बसून राहिले आणि त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकायला लागले. शेजारणीने पट्टी बघून विचारलं, मारतात का? मी म्हटलं, नाही गं, झोपेत होते. तिला पटलं नाही. तिचं चुकलं असंही मला म्हणवत नाही, कारण पुष्कळ घरांत ते जागेपणीच होतं. जागेपणी हात उठत असेल तर त्याला लढाई हे कारण पुरत नाही. आधी स्वतःला आणि पोरांना सुरक्षित जागी न्यायचं, उपचाराचं मग.

आमचे हे तोफखान्यातले. १९९९ ला मे ते जुलै, कारगिलच्या लढाईत, द्रासला बोफोर्स तोफेवर होते. २००६ ला हवालदार म्हणून घरी आले. मी इथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. माहेर-सासर दोन्ही श्रीरामपूरकडचं, कॅथलिक. लेक म्हणाला, आई, तुला जे कळलंय ते लिहून काढ, देवळाली कॅम्पच्या बाजूला अशी किती घरं असतील. म्हणून हे.

खरं तर ही गोष्ट लिहायला नाशिकसारखी जागा नाही. ब्रिटिशांच्या काळात मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असायचे. बोटी निघायच्या हिवाळ्यात. हंगाम चुकला की महिनोन्महिने काम नाही, घर नाही, डोक्यात नुसतं काहूर. त्यातून 'डूलॅली टॅप' हा शब्द निघाला. डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. इंग्रजीत आजही डोकं फिरलेल्याला डूलॅली म्हणतात. कॅम्पात भाजी घ्यायला जाते तेव्हा हे आठवून मला हसू येतं आणि मग येत नाही. कारण त्या शिपायांचं जे लिहून ठेवलंय ते माझ्या घरात घडलं: नोकरीत असेपर्यंत ठीक होते, रिकामे झाल्यावर बिघडले. पलटणीत चोवीस तास आपली माणसं होती, शिट्टी होती, फॉलिन म्हणजे रांगेत उभं राहणं होतं. घरी आल्यावर शांतता आली आणि त्या शांततेत सगळं वर आलं. लढाईला सात-आठ वर्षं उलटल्यावर असं व्हायला लागलं तर "तेव्हा तर बरे होते" म्हणून ते खोटं समजू नका.

आवाजांचं

मला वाटायचं तोफेचा आवाजच बाधत असेल. देवळालीच्या रेंजवर फायरिंग चालू असलं की वारा आमच्याकडे असताना खिडकीची काच थरथरते. पण त्याने यांना फारसं काही होत नाही. तारखा आजूबाजूला आधीच कळतात, मी त्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवते. हे अंगणात बसून मोजतात, कुठली तोफ तेही सांगतात. वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाटाचं दार आपटलं की मात्र हातातला कप खाली. म्हणजे भीती आवाज मोठा असण्याची नाही, अवचित येण्याची आहे. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि कळल्यावर घरातलं निम्मं काम सोपं झालं. कुकर लावताना सांगते. मिक्सर लावताना सांगते. मागून येताना चपला वाजवत येते. कपाटांच्या दारांना आतून फेल्ट चिकटवलंय, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, खर्च किरकोळ.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडक्या बंद, पंखा मोठा, टीव्हीवर क्रिकेट. गल्लीतल्या पोरांना मी आधीच जाऊन सांगते की सात ते दहा फटाके वाजवा, पण मध्यरात्री अचानक नको. पोरं ऐकतात, बापांचं सांगवत नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर आपलेच लोक फटाक्यांच्या माळा लावतात, त्यामुळे आम्ही सकाळच्या मिस्सेला जातो. एका फेब्रुवारीत शांतता म्हणून दिंडोरीला नणंदेकडे नेलं. द्राक्षं भरात आलेली आणि पाखरं हाकलायला बागेत थोड्या थोड्या वेळाने बार उडवत होते. संध्याकाळच्या आत परत आलो. तेव्हा गावाला नेलं की बरं वाटेल, असं धरून चालू नका, आधी फोन करून विचारा.

गर्दीचंही तसंच. चर्चमध्ये आमची जागा ठरलेली, बाजूच्या दाराजवळचा शेवटचा बाक, पाठीमागे भिंत. बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत नाशिकरोडला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून यात्रा उलगली की मधल्या वारी जातो. बाळ येशूला चालतं.

आणि कान तपासून घ्या. तोफेवर काढलेल्या वर्षांनी ऐकू कमी येतं, कानात सारखी शिट्टी वाजते. आम्ही कित्येक महिने "हे लक्षच देत नाहीत" म्हणून रुसत होतो, तपासलं तर डावा कान बराचसा गेलेला.

विचारायचं काय

"किती मारले?" हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारलेला मी माझ्या कानांनी ऐकलाय. विचारणारा वाईट नव्हता, चार घास खाऊन खुशीत आला होता. घरातल्या प्रत्येकाला, पोरांनासुद्धा, सांगून ठेवा: हा प्रश्न नाही. "विसरून जा आता" हेही नाही. "देशासाठीच केलं ना" हे तर अजिबात नाही, कारण ते त्यांना तुमच्या आधीपासून माहीत असतं आणि त्याने झोप आलेली नसते.

समोरासमोर बसवून बोलतं करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. भिंत. बोलणं आलं ते हात कामात असताना. जानेवारीत पाच किलो वाटाणे आणले होते, दोघं पेपर पसरून सोलत बसलो होतो. मध्येच हे म्हणाले, "आम्हाला काही दिसत नव्हतं बघ. आकडे यायचे."

मी वाटाणे सोलत राहिले.

तोफेवरच्या माणसाला शत्रू दिसत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. पुढे डोंगरावर बसलेला अधिकारी बघतो, वायरलेसवर आकडे येतात, त्याप्रमाणे नळी फिरते, त्रेचाळीस-एक किलोचा गोळा आत जातो आणि वीस-बावीस किलोमीटर पलीकडे जाऊन पडतो. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने २,५०,००० हून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. त्यातले यांच्या हातून किती गेले याची मोजदाद नाही. म्हणाले, "एकदा वायरलेसवर शाबासकी आली. निशाण्यावर बसला म्हणून. सगळ्यांना चहा झाला. त्या शाबासकीत माणसं किती होती ते मला माहीत नाही."

मी "बरं" म्हणाले. एवढंच सुचलं. आज वाटतं तेच बरं झालं. असं काही बाहेर आलं तर लगेच समजूत घालू नका, रडू आलं तर आवरू नका, आणि दुसऱ्या दिवशी तो विषय आपणहून काढू नका. शेंगा संपल्या की उठा आणि भाजी टाका.

डॉक्टरचं

एक महिन्याच्या वर हे टिकलं की डॉक्टर: तीच तीच दृश्यं जागेपणी-झोपेत येणं, त्याची आठवण होईल ते टाळणं, माणसांतून मन उडणं, सतत कानोसा घेत राहणं. याला पीटीएसडी म्हणतात. हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० ला आलं. त्याआधी पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' म्हणायचे, आणि तेव्हा ब्रिटिश सैन्याने पळपुटे, भित्रे ठरवून ज्यांना गोळ्या घातल्या त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळायला २००६ उजाडलं. घरात कुणी "नाटकं करतोय" म्हणालं की मी हे सांगते.

औषधं लागली तर नैराश्यावर देतात त्याच जातीची असतात. गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच बंद करायची नाहीत. त्यापेक्षा मोठं काम बोलण्याच्या उपचाराचं. आघातावरच्या उपचाराचं शिक्षण घेतलेला समुपदेशक ती आठवण हळूहळू, सुरक्षितपणे पुन्हा उलगडायला लावतो. आमच्याकडे पहिले तीन आठवडे झोप आणखी बिघडली. तसं होऊ शकतं हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. कागदांचं काही अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रात्री-बेरात्री टेली मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतीचा, १४४१६ हा फोन, फुकट आहे, मराठीत बोलतात. सैन्यातल्या माणसांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ ला सुरू झाला.

कँटीनची रम. झोप लागते म्हणून घेतात आणि लागतेही, पण पहाटे तीनला दुप्पट दराने परत करावी लागते. मी बाटली लपवून पाहिली, फुटकळ भांडणांशिवाय काही हाती लागलं नाही. डॉक्टरांसमोर, यांच्यादेखत, किती घेतात ते स्पष्ट सांगितलं, त्याचा उपयोग झाला.

आणि एक विचारायचंच. "जगणं नको वाटतं का? तसं काही करावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, असलेला बाहेर येतो. मी विचारलं तेव्हा हे बँकेत गार्ड होते, परवान्याची बारा बोर घरात होती. उत्तर यायला वेळ लागला, तेवढ्यावरून मी समजले. त्याच दिवशी बंदूक दिरांनी नियमाप्रमाणे जमा केली, शेतावरच्या खोलीतली फवारणीची औषधं कुलपात गेली, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. यात लाज धरू नका आणि उद्यावर ढकलू नका.

चर्चमधल्या लोकांसाठी

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या लोकांचं मन चांगलं असतं आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

एका प्रार्थनासभेला मीच यांना नेलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून. तिथल्या भाईंनी यांना गुडघ्यावर बसवलं, डोक्यावर चार जणांनी हात ठेवले आणि युद्धाचा आत्मा निघून जावा म्हणून ओरडून प्रार्थना केली. माईकवर. मागून कुणी हात लावलेला ज्याला चालत नाही, त्याच्या डोक्यावर आठ हात. हे कसेबसे उठले, चपला न घालता रस्त्यावर आले. नंतर निरोप आला की विश्वास कमी पडला. दोन वर्षं यांनी चर्चचं तोंड पाहिलं नाही. नेलं मी होतं, हे मी विसरत नाही.

तर: हात ठेवायचा असेल तर विचारून. प्रार्थना करायची असेल तर हळू आवाजात, थोडक्यात. २६ जानेवारीला स्टेजवर बोलावून शाल द्यायची असेल तर महिनाभर आधी घरी येऊन विचारा, आणि नाही म्हणाले तर पुन्हा गळ घालू नका. भुताखेताचं नाव काढायचं नाही.

काय करायचं ते पवित्र शास्त्रात आहे, फक्त आपण ते पान लवकर उलटतो. संदेष्टा एलीयाच्या गोष्टीत आपल्याला कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने स्वर्गातून पडलेला अग्नी आठवतो. त्याच दिवशी त्याने बआल या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांना ओढ्याकाठी ठार केलं, हे आपण मुलांना सांगत नाही. पुढच्याच अध्यायात तो रानात एका झुडपाखाली पडून देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. मी हे तीस वर्षं ऐकत आले होते, पण जिंकून आलेला माणूस मरण मागतोय हे मला यांच्यामुळे दिसलं. आणि देवदूत काय करतो? त्याला जागं करून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खाऊन परत झोपतो. देवदूत ओरडत नाही. दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा भाकर. देवाचं बोलणं येतं ते फार पुढे, तेही मंद वाणीने. (देवदूताने एलीयाला स्पर्श करून उठवलं असं लिहिलंय. देवदूताला जमलं असेल, आपण दारातूनच उठवू.)

तेव्हा कुणाच्या घरी असा माणूस असेल तर भाकरी घेऊन जा. खरीखुरी, डब्यात. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. आमच्या धर्मग्रामातला, म्हणजे पॅरिशमधला, एक रिटायर पोस्टमन दर गुरुवारी यायचा, यांच्याबरोबर पत्त्यांचा डाव मांडायचा, चहा पिऊन जायचा. देवाचं अक्षर काढलं नाही. यांनी पुन्हा चर्चला यायला सुरुवात केली ती त्याच्या स्कूटरवर बसून.

क्षमेची घाई करू नका. "येशूने सगळी पापं पुसली" हे खरं आहे आणि मी ते मानते. पण ज्याला अजून स्वतःचं म्हणणं मांडायचंय त्याला ते आधीच ऐकवलं, की त्याला वाटतं यांना माझं ऐकायचंच नाही. भीतीची जखम वेगळी आणि आपल्या हातून झालं त्याची जखम वेगळी. या दुसरीला नैतिक जखम म्हणतात. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे या डॉक्टरांनी त्यावर पुष्कळ काम केलंय. तिच्यावर औषधाची गोळी नाही. तिला ऐकणारा माणूस लागतो आणि काहीतरी भरून द्यायची वाट लागते.

ती वाट यांना जेजुइट संघाच्या एका म्हाताऱ्या फादरांकडे मिळाली. हे त्यांच्याकडे गेले ते पापनिवेदनाला नाही, चर्चच्या पंपाची मोटर दुरुस्त करायला. मोटर उघडून बसले होते. फादर स्क्रू धरून शेजारी. बोलता बोलता त्यांनी आपल्या संघाच्या संस्थापकाचं सांगितलं. संत इग्नेशियस हे आधी शिपाईगडीच, १५२१ ला पांपलोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या आयुष्य फिरलं. हे हसले म्हणे. म्हणाले, फादर, ते गोळा लागलेले, मी गोळा मारणारा. आणि मग विचारलं, ज्याला किती मेले हेच माहीत नाही त्याने काय सांगायचं?

फादरांनी लगेच उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात वहीत लिहून आणलं. इंग्लंडमध्ये १०६६ ला हेस्टिंग्जची लढाई झाली, ती नॉर्मंडीच्या सैन्याने जिंकली. त्यानंतर काही वर्षांतच नॉर्मंडीच्या बिशपांनी सैनिकांसाठी प्रायश्चित्ताचे नियम केले. हरलेल्यांसाठी नव्हेत, जिंकलेल्या आपल्याच माणसांसाठी. ज्याला ठाऊक आहे त्याने ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. वार केला पण मेला की नाही ठाऊक नाही, त्याने माणशी ४० दिवस. आणि तिरंदाजांसाठी वेगळी ओळ होती: लांबून बाण सोडणाऱ्याला किती मेले ते कळणारच नाही, त्याने तीन उपवासकाळ. (उपवासकाळ म्हणजे राखेच्या बुधवारापासून पास्कापर्यंतचे, म्हणजे ईस्टरपर्यंतचे, चाळीस दिवस.)

हे घरी आले ते कागद हातात घेऊन. मला म्हणाले, "अगं, साडेनऊशे वर्षांपूर्वी आमचा विचार करून ठेवलाय कुणीतरी." यांना त्या आवाजात बोलताना मी कितीतरी वर्षांनी ऐकलं.

शिक्षा म्हणून नाही, स्वतःहून, यांनी तीन उपवासकाळ धरले. राखेच्या बुधवारानंतरचा प्रत्येक शुक्रवार. कब्रस्तानात ज्या कबरींना कुणी येत नाही त्या साफ करायच्या. गाजरगवत उपटायचं, क्रूस सरळ करायचा, नाव वाचता येत असेल तर घासून वाचायचं. सकाळी सातला निघून बाराला परत. पहिल्या वर्षी एकटे, दुसऱ्या वर्षी पोस्टमनही. यांची स्वप्नं थांबली नाहीत. महिन्यातून दोन-तीनदा येतात, औषधाची गोळी चालू आहे, मी अजून दारातूनच हाक मारते. पण सतरंजी बाहेरच्या खोलीतून आत आली.

तिसरा उपवासकाळ संपला, पास्काचा सण झाला. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी सहाला उठवायला गेले तर अंथरूण रिकामं. खुरपं आणि पाण्याचा कॅन सायकलला बांधून हे ओट्यापाशी उभे, डबा कुठे म्हणून बघत होते. मी हिशोब विचारला नाही. तवा ठेवला आणि पोस्टमनची धरून दोन भाकरी जास्त थापल्या.